पानाबाहेरचं शटर

मी एक नकाशा बोलतोय. भिंतीवरचा नव्हे आणि कागदावरचाही नव्हे. सिल्वासाला किलवणी नाक्याच्या अलीकडे मंगेशभाईंचं बोर्ड-बॅनर छापायचं दुकान आहे. तिथल्या कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरमध्ये, 'फायनल न्यू फायनल' अशा बावळट नावाच्या फाइलीत माझा मुक्काम असतो. नाव मी घेतलेलं नाही. या धंद्यात कुणाचंच बारसं धड होत नाही.

मला पुसून टाकायचं एकदा ठरलं होतं. अधूनमधून अजूनही ठरतं. म्हटलं, आहे तोवर बोलून घ्यावं. आणि आधीच सांगून ठेवतो, मी गयावया करायला तोंड उघडलेलं नाही.

फोटो ठिपक्यांचा बनतो, मी रेषांचा बनलोय. रेष म्हणजे एक हुकूम असतो. इथून निघ, तिथे जा, या रंगाने जा, एवढंच. मला बोटाएवढा करा नाहीतर दमणगंगेच्या पुलाएवढा करा, माझी कड कुठे उसवत नाही. फोटो ताणला की त्याचे चौकोन सुटायला लागतात, माणसाच्या गालाच्या फरशा होतात. त्यामुळे फोटोंकडे बघून मी जरा नाकच मुरडायचो. त्यांची एक गोष्ट मात्र मला खुपायची. ते कुणाच्याही मोबाइलवर उघडतात. मला उघडायला 'कोरल' नावाचं चित्रं काढायचं सॉफ्टवेअर लागतं आणि कोरल येणारं माणूस लागतं. दुकानात ते मंगेशभाईंना थोडंसं येतं आणि सोनमला सगळं येतं.

सोनम शहादा तालुक्यातली. आईबाप कंपनीत कामाला म्हणून इकडे आले तेव्हा ती आईच्या कडेवर होती. बारावी झाल्यावर मंगेशभाईंच्या काउंटरवर बसली, गिऱ्हाईक नसताना कॉम्प्युटरशी खेळता खेळता शिकली, आणि आता दुकान तिच्याच जिवावर चालतं. हे मंगेशभाईंनाही ठाऊक आहे, पण ते तिच्या तोंडावर बोलायचा मूर्खपणा ते करत नाहीत. पोरगी रागावली की आवाज चढवत नाही. गप्प होते, आणि की-बोर्डवर तिची बोटं जोरात पडायला लागतात.

माझा जन्म झाला तो विशालसरांमुळे. हे जवळच्या सायली गावातल्या एका धाग्याच्या कंपनीतले ॲडमिनचे साहेब. ठाण्याहून आलेले, इस्त्रीतले, गोड बोलणारे. एक दिवस ते कारखान्याच्या प्लॅनची जुनी झेरॉक्स घेऊन आले. इतकी फिकट की भिंत कुठली आणि कागदाची घडी कुठली ते कळेना.

"तपासणी येतेय," ते म्हणाले. "पॅकिंग खात्यात बोर्ड लावायचाय. आग लागली तर कुठून बाहेर पडायचं, त्याचा. एकदम टकाटक पाहिजे."

सोनमने झेरॉक्स स्कॅन केली आणि तिच्यावरून मला काढायला घेतलं. आधी भिंती, मग मशीनच्या रांगा. पुढे मोठं दार. मागे पॅकिंग खात्याला लागून एक शटर. दोन्हींकडे जाणारे हिरवे बाण तिने हौसेने काढले. शेवटी 'आपण इथे आहात' असं लिहून एक लाल ठिपका ठेवला, पॅकिंगच्या टेबलाशी. बोर्ड तिथेच लागणार होता. आणि त्याच टेबलाशी तिचे वडील, बारकू, रोज उभे राहून धागा गुंडाळलेले पुठ्ठ्याचे कोन खोक्यांत भरतात. तिला आपल्या बापाच्या कंपनीचं काम करायला मिळालं होतं, त्यामुळे त्या दिवशी स्वारी खुशीत होती.

पाळी सुटल्यावर बारकू तिला घरी न्यायला दुकानावर आले. तिने मॉनिटर त्यांच्याकडे वळवला.

"आबा, ओळखा बरं, काय आहे?"

बारकूंनी बराच वेळ माझ्याकडे बघितलं. मग काचेवर बोट ठेवलं.

"हा बाण चुकला बेटा. हे शटर कुठे उघडतं? त्याच्या आडे माल रचेल आहे, पार वरपर्यंत. अन् बाहेरून कुलूप."

"प्लॅनमध्ये तर दार दाखवलंय."

"प्लॅनमध्ये राहील. मागल्या उन्हाळ्यात मोटर जळाली, धूरच धूर झाला, तं आपल्या खात्यातला चिंधा याच शटरवर धावला. आम्ही पुढून बाहेर निघालो, बघतो तं हा नाही. दोघं जण परत आत गेले. हा खोक्यांवर चढून शटर ठोकून राहिला होता. ओढत आणला."

भाजी काय भावाने मिळाली ते सांगावं तशा आवाजात त्यांनी हे सांगितलं. घरी यातला एक शब्दही त्यांनी काढला नव्हता. सोनमने विचारलं, कुलूप कशाला? बारकू म्हणाले, माल चोरीला जातो म्हणून. चावी विशालसाहेबांकडे असते. मग म्हणाले, चल, आई वाट बघत असेल.

सोनम उठली नाही. तिची बोटं की-बोर्डवर जोरात पडायला लागली. शटरकडे जाणारा बाण तिने पुसला. तिथे खोक्यांचे चौकोन काढले, एकावर एक, छतापर्यंत. शटरवर एक कुलूप काढलं. एवढंसं कुलूप, पण त्याला चावीचं भोकसुद्धा काढलं. वर तांबड्या अक्षरांत लिहिलं, 'बंद'.

बाण गेल्याचं मला काही वाईट वाटलं नाही. उलट हलकं वाटलं. रेषेला वाकडं जायला चालतं, गोल जायला चालतं. पण तिला जिथे पाठवलंय तिथे वाटच नसेल तर तिने काय करावं?

दुसऱ्या दिवशी विशालसर बघायला आले. बघून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"हे काय आहे?"

"जे आहे ते," सोनम म्हणाली.

"मॅडम, बोर्डावर जे असायला पाहिजे ते असतं. दोन एक्झिट दाखवावेच लागतात. नियम आहे."

"मग शटर उघडं ठेवा ना. नियम तोच असेल."

सरांनी मंगेशभाईंकडे पाहिलं. मंगेशभाई तोवर खुर्ची पुसून चहा सांगून मोकळे झाले होते. माणूस वाईट नाही. त्यांचे वडील वेंगुर्ल्याकडून इथल्या शाळेत मास्तर म्हणून आले आणि इथलेच झाले. पण मास्तरांचा मुलगा धंद्यात पडला की त्याला आधी 'पार्टी' दिसते, बाकीचं नंतर.

"सोनम, बाण टाक. पार्टीचं काम आहे, आपलं नाही."

"मी नाही टाकणार."

"अगं, एक बाण."

"लाल ठिपका कुठे आहे बघा, मंगेशभाई. धूर झाला तर माझा बाप त्या बाणामागे पळेल."

मंगेशभाईंना पटलं होतं, हे मी स्क्रीनच्या आतून स्पष्ट बघितलं. पण पटलेलं वागण्यात उतरायला वेळ लागतो आणि पार्टी समोर उभी होती. "सरक," ते म्हणाले, आणि स्वतः माऊस हातात घेतला.

आता इथे आमच्या धंद्यातली एक खोड सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. कोरलमध्ये मधे एक पांढरं पान असतं आणि त्याच्या चहूबाजूंना मोकळं रान. कोरलवाला माणूस जुनं काही पुसत नाही. पार्टी आज नको म्हणते आणि उद्या तेच मागते, त्यामुळे नकोसं झालेलं सगळं तो ओढून पानाबाहेर टाकतो. मागच्या वर्षीच्या गणपतीच्या कमानी, कुणाच्या दुकानाचं जुनं नाव, सगळं तिथे पडून असतं. छापताना फक्त पान छापलं जातं, म्हणून बाहेरच्यांची कुणाला आठवण नसते.

मंगेशभाईंनीही तेच केलं. माझी एक नक्कल काढली. तिच्यातली खोकी पुसली, कुलूप पुसलं, हिरवा बाण पुन्हा शटरपर्यंत नेला. आणि सोनमने काढलेला मी, कुलपासकट, उजवीकडे पानाबाहेर ढकलला गेलो. पानावर खोटा मी, पानाबाहेर खरा मी. एकाच फाइलीत दोघे शेजारी शेजारी, आणि बोलायची सोय नाही.

विशालसर खूश झाले. म्हणाले, "छापण्याआधी हेडऑफिसला पाठवा. तिथला मुलगा वर कंपनीचा पट्टा लावून परत पाठवेल. त्याला फोटोशॉपच येतं, तेव्हा त्या फाइलीत द्या."

फोटोशॉपच्या फाइलीत द्यायचं म्हणजे माझे ठिपके करायचे. रेषा मोडून त्यांचं बारीक चूर्ण करून एका पत्र्यावर पसरायचं. मग मला कुणीही ब्रशने रंगवावं, कुणीही खोडरबर फिरवावा. माझ्यासारख्याला याहून मोठा अपमान नाही. मी मनात म्हटलं, करा. सोनमच्या बापाला खोट्या वाटेला लावलंत, आता मलाही पिठात घाला.

या रूपांतरात एक खाच आहे. रेषांतून ठिपक्यांत जाताना कॉम्प्युटर एक चौकट पुढे करतो आणि विचारतो, फक्त निवडलेलंच घेऊ का? पान निवडून तिथे टिक केली की फक्त पान जातं. टिक करायची राहिली तर पानाबाहेरचा सगळा बाजारही चित्रात येतो. ही चूक या धंद्यात ज्याने केली नाही तो अजून जन्मायचाय. मंगेशभाईंनी एकदा एका लग्नाच्या बॅनरची फाइल अशीच घाईत काढली, आणि वधूवरांच्या शेजारी कुणा आजोबांची भावपूर्ण श्रद्धांजली छापून गेली. मुलीकडचे लोक दुकानावर चालून आले होते. तेव्हापासून सोनमने मॉनिटरच्या कडेला एक चिठ्ठी चिकटवलीये, 'टिक केली का?'

"सोनम, फोटोशॉपची फाइल काढून दे," मंगेशभाई म्हणाले आणि सरांना गाडीपर्यंत सोडायला गेले.

सोनम बसली. तिने पान निवडलं, चौकट उघडली, टिक केली. नेहमीची सवय. मग तिचा हात थांबला. तिने चिठ्ठीकडे बघितलं, पानावरच्या हिरव्या बाणाकडे बघितलं. मग उजवीकडे, रानात, जिथे मी कुलूप घेऊन पडलो होतो, तिथे बघितलं. आणि टिक काढून टाकली.

ठिपके होताना कसं वाटतं ते मला नीट सांगता येणार नाही. सगळ्या रेषांचा हात एकदम सुटतो. भिंत, मशीन, बाण, कुलूप यांच्यात काही अंतर राहत नाही, सगळे एका पत्र्यावर एकमेकांना चिकटून बसतात. रेषांत असताना कुलपाला बोट लावलं की ते अलगद उचलता येत होतं. आता ते पाठीत रुतून बसलं. मी मोडत होतो आणि मला, खरं सांगतो, मजा वाटायला लागली होती.

हेडऑफिसातल्या मुलाने सायलीचा कारखाना आयुष्यात बघितलेला नव्हता. त्याला डावीकडे एक नकाशा दिसला, उजवीकडे एक नकाशा दिसला. त्याला वाटलं, दोन शेड असतील, एक चालू, एक बंद. त्याने दोन्हींवरून आडवा असा कंपनीचा निळा पट्टा लावला, 'आपली सुरक्षा, आमची जबाबदारी' असं वर छान लिहिलं, आणि फाइल परत पाठवली.

दुकानात छपाईच्या मशीनवर वाल्मिक असतो. साक्रीकडचा गडी, कमी बोलणारा. त्याने फाइल लावली आणि मान वळवली.

"सोनम, हे दोन-दोन कसे भो?"

"हेडऑफिसहून पास होऊन आलंय," सोनम म्हणाली. तिने मान वर केली नाही.

वाल्मिकने मॉनिटरवरच्या चिठ्ठीकडे बघितलं. मग हिरव्या बाणाकडे आणि लाल 'बंद'कडे बघितलं. त्याचा मेहुणा खडोलीत कामाला आहे, अशाच एका कंपनीत.

"हेडऑफिसनं पास करेल आहे म्हटल्यावर मी कोण," तो म्हणाला, आणि मशीन चालू केलं.

दुकानाची गाडी बोर्ड कंपनीत देऊन आली. कंपनीच्या सुताराने तो पॅकिंग खात्याच्या भिंतीवर ठोकला. इकडे विशालसरांनी हेडऑफिसहून आलेलं चित्र, नीट न बघताच, कामगारांच्या मोबाइल ग्रुपवर टाकून दिलं होतं. खाली लिहिलं होतं, 'सर्वांनी लक्षपूर्वक पाहावे व पालन करावे.' तपासणीला दाखवायला तेवढाच पुरावा.

सर्वांनी लक्षपूर्वक पाहिलं.

इथे मला माझे शब्द गिळावे लागतात. रेषांत होतो तोवर मला या दुकानाबाहेर काळं कुत्रं विचारत नव्हतं. ठिपके झालो आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत मी पॅकिंग खात्याच्या प्रत्येक खिशात जाऊन बसलो. मग वाइंडिंग खात्याच्या, मग गेटवरच्या वॉचमनच्या. लोक आधी हसले. एका बाजूला बाण म्हणतो इकडून पळा, दुसऱ्या बाजूला कुलूप म्हणतं पळून दाखवा. मग हसणं कमी झालं. चिंधाने बोर्डासमोर उभं राहून फोटो काढला, मागे खरी खोकी दिसतील असा, आणि तोही ग्रुपवर टाकला. खाली काही लिहिलं नाही. त्याच्याकडून मी खडोलीला गेलो, खडोलीहून कुठे कुठे गेलो त्याचा मला पत्ता नाही. प्रत्येक मोबाइलवर मी थोडा अस्पष्ट होत होतो, कडा फाटत होत्या. मोजत बसलो नाही. कुलूप सगळीकडे ओळखू येत होतं.

दुपारनंतर विशालसर दुकानात शिरले तेव्हा त्यांच्या शर्टाची इस्त्री मोडलेली होती. चाव्यांचा जुडगा त्यांनी काउंटरवर आपटला. मोठ्या साहेबांचा फोन येऊन गेला होता. चित्र ग्रुपवर टाकलं होतं स्वतः विशालसरांनी, त्यामुळे ते निस्तरायला त्यांना दुसऱ्या कुणाची तरी चूक ताबडतोब हवी होती.

"उद्या तपासणी आहे. माझी नोकरी जाईल. हे कुणी केलं?"

मंगेशभाईंचा चेहरा पडला. त्यांनी स्क्रीनकडे बघितलं, मॉनिटरवरच्या चिठ्ठीकडे बघितलं, आणि त्यांना सगळं उमगलं. पण त्या क्षणी ते सोनमवर ओरडले नाहीत, हे मी त्यांच्या बाजूने नोंदवतो.

"सर, एक्सपोर्टची चूक आहे," ते घाईघाईने म्हणाले. "एक टिक राहून जाते. सगळ्यांची राहते. माझी स्वतःची राहिली होती, एका लग्नाच्या वेळी. नवा बोर्ड संध्याकाळपर्यंत देतो, आमच्या खर्चाने."

विशालसरांना दोर सापडला. त्यांचा आवाज पुन्हा गोड झाला.

"ओके. चूक होते, माणूस आहे. मॅडम, तुम्ही एक काम करा. माझ्या मोबाइलवर बोला, मी ग्रुपवर टाकतो. 'उजवीकडचं चित्र चुकून छापलं गेलं, त्यात काही तथ्य नाही.' झालं, विषय संपला."

त्यांनी मोबाइल सोनमपुढे धरला. मंगेशभाई तिच्याकडे बघत होते. मशीन थांबवून वाल्मिकही बघत होता. वाट किती सोपी होती बघा. सगळा धंदा जी चूक रोज करतो, ती आपल्या नावावर घ्यायची. नोकरी वाचत होती, दुकानाची पार्टी वाचत होती, आणि कुणी तिला खोटारडी म्हटलं नसतं. मला धास्ती वाटली. कारण तिने मान डोलावली असती, तर मी चूक ठरणार होतो. आणि मी चूक ठरलो, की शटर कायमचं बंद.

"टिक राहिली नव्हती," सोनम म्हणाली.

"म्हणजे?"

"केली होती. मग मी काढली. बघून काढली."

"सोनम," मंगेशभाई हळू आवाजात म्हणाले.

"नाही मंगेशभाई. चूक नाही ती. उजवीकडचंच खरं आहे. डावीकडचं तुम्ही सांगाल तिथे सांगते, की ते खोटं आहे."

विशालसरांनी मोबाइल खाली घेतला. त्यांचा गोडवा आटला होता.

"तुमचे वडील आमच्याकडेच आहेत ना? पॅकिंगला?"

"हो. लाल ठिपक्यावर."

तिचा आवाज त्या वेळी किंचित हलला. कुणाला कळलं नसेल, पण ती माझ्या इतकी जवळ बसते की मला कळलं. घाबरली होती पोरगी. घाबरलेली असून ती मागे हटली नाही, आणि म्हणूनच मी अजूनही माझ्या निर्मातीचं नाव ताठ मानेने घेतो.

"ठीक आहे," सर म्हणाले. "बापच समजावेल." त्यांनी बारकूंना फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जावं म्हणून मोबाइल काउंटरवर ठेवला.

घंटी बरीच वाजली. मग फोन उचलला गेला, आणि मागून काहीतरी फरफटत नेल्याचा आवाज यायला लागला.

"हां साहेब, बोला."

"बारकू, कुठे आहेस?"

"शटरपाशी साहेब."

"तिथे काय करतोयस?"

"खोके हलवून राहिलो. आम्ही सगळेच आहोत. सुट्टीत लागलो कामाला, आता होत आलं."

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"बोर्डानं," बारकू म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीचाच होता, भाजीच्या भावाचा. "इकडून बाहेर पडा म्हणून बाण आहे ना साहेब. वरती कंपनीचा पट्टा आहे. तुम्हीच तं ग्रुपवर टाकलं, पालन करा म्हणून. तं करून राहिलो. बाण खोटा ठेवला तं कंपनीचं नाव जाईल."

फोनमधून पुन्हा एक खोकं सरकल्याचा आवाज आला, आणि चिंधाचा आवाज, 'धर, धर, खालून धर.'

"फक्त कुलूप राहिलं साहेब," बारकू म्हणाले. "चावी तुमच्याजवळ आहे म्हणतात. घेऊन येता का? आम्ही थांबलो आहोत इथं."

सोनमने काउंटरवरचा चाव्यांचा जुडगा उचलला आणि विशालसरांच्या हाताशी सरकवला. सर तो घेऊन निघाले. कुठे निघाले ते त्यांनी सांगितलं नाही, पण गाडी सायलीच्या दिशेला वळली.

उघडलेलं शटर मी चिंधाने सोनमला पाठवलेल्या फोटोत बघितलं. मागे बाभळी, एक पडका हौद, आणि आत कोण आहे ते बघायला वळलेली एक शेळी. इतक्या साध्या जागेसाठी एवढं सगळं. फोटोत ऊन थेट पॅकिंगच्या टेबलापर्यंत आलं होतं.

आता माझं पुढचं ऐका, कारण सगळं गोड झालं असं मी सांगणार नाही. तपासणी दुसऱ्या दिवशी झाली. साहेब लोकांनी उघडं शटर बघून समाधान व्यक्त केलं आणि विशालसरांनी ते श्रेय हसतमुखाने घेतलं. बोर्डाचा उजवा अर्धा भाग, म्हणजे मी, त्यांनी सुताराकडून कापून घेतला. डावा अजून तिथेच आहे. त्याला खोटा म्हणून मी फार बोल लावला, पण आता त्याचा बाण खरा झालाय, आणि तो माझ्यामुळे झालाय, हे त्याने विसरू नये. कापलेला तुकडा चिंधा घरी घेऊन गेला. त्याच्या खोलीत दारामागे तो लावलाय म्हणतात.

बारकूंना पॅकिंगमधून काढून माल चढवायला बाहेर उन्हात टाकलं. ते म्हणतात, बाहेर हवा चांगली लागते. सोनमला ते ऐकवत नाही. कंपनीचं काम आमच्या दुकानात पुन्हा आलं नाही. शटर उघडलं त्या संध्याकाळीच मंगेशभाईंनी सोनमला सांगितलं, उद्यापासून येऊ नकोस. सोनम सकाळी आली, कॉम्प्युटर चालू केला आणि कामाला बसली. मंगेशभाई थोडा वेळ शटरशी, दुकानाच्या, उभे राहिले. मग त्यांनी तिला चहा घेणार का म्हणून विचारलं.

मला पुसायला मात्र ते दोनतीनदा बसले आहेत. मला निवडतात, बटण दाबतात. कॉम्प्युटर विचारतो, नक्की का? ते मॉनिटरवरच्या चिठ्ठीकडे बघतात आणि नको म्हणतात. वडिलांचा मास्तरपणा कुठेतरी उरलाय त्यांच्यात. त्याच्यावर माझा जीव टांगलेला आहे.

परवा चिंधाने सोनमला फोन केला. शटरपाशी पुन्हा चार खोकी ठेवली आहेत, थोड्या वेळापुरती म्हणून. तिने मला उघडलं, पानाबाहेर गेली, कुलपावर बोट ठेवून ते जागच्या जागी आहे का बघितलं, आणि फाइल मिटली.

म्हणून निरोप घेण्याआधी विशालसरांना एक सांगायचंय, हे त्यांच्यापर्यंत कुणी पोहोचवा. मी रेषांत आहे, म्हणजे झिजत नाही. आणि ठिपक्यांत जायला मला आता लाज वाटत नाही. खुशाल रचा खोकी, साहेब. मी पानाबाहेर उभा आहे.